खुर्ची बसणाऱ्याची की ढकलणाऱ्याची?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील मंडळाने वर्गणी काढून एका गरजू बांधवाला व्हीलचेअर भेट दिली. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात छोटासा कार्यक्रम झाला. फादरांनी आशीर्वाद दिला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. एक चांगले काम हातून झाले म्हणून आम्ही समाधानाने घरी गेलो.

हे बांधव चाळिशीतले. माडावरून पडल्याने त्यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. हात मात्र शाबूत होते. माडावर चढणाऱ्याचे हात ते, दणकट.

दोन महिन्यांनी आम्ही सहज त्यांच्या घरी डोकावलो. ते ओट्यावर चटई टाकून बसले होते. खुर्ची घडी करून दाराआड उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होता. "खुर्ची वापरत नाही वाटतं?" आम्ही विचारले. वहिनी ओशाळल्या. पण ते हसून म्हणाले, "खुर्ची चांगली आहे हो. पण तुम्ही खुर्ची दिलीत, तिला ढकलायला माणूस नाही दिलात."

खरे सांगायचे तर आम्हाला ते बोलणे लागले. इतक्या लोकांनी पैसे दिले, त्याचे काहीच नाही? परत येताना आमच्यातला एकजण तसे बोललाही. पण त्या वाक्याने पुढे आमची पाठ सोडली नाही. आम्ही दिली होती ती वस्तू नेमकी कोणासाठी होती?

खुर्चीत काय अडले होते?

दुसऱ्या वेळी आम्ही टेप घेऊन गेलो. खुर्चीची बैठक 18 इंच रुंद होती. त्यांचा देह सडपातळ. त्यांना 15 इंच पुरले असते. बैठक रुंद असली की मोठी चाके अंगापासून दूर जातात. मग चाकाची बाहेरची रिंग पकडण्यासाठी हात पंखासारखे पसरावे लागतात आणि चार हात अंतर जाताच खांदे भरून येतात. बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांसह खुर्चीची एकूण रुंदी भरली 26 इंच. त्यांच्या न्हाणीघराचा दरवाजा होता 24 इंचांचा.

हात ठेवायचे दांडे पक्के जोडलेले होते. त्यामुळे खाटेवरून सरकत खुर्चीत बसणे अशक्य. कोणीतरी उचलूनच बसवायला हवे. पुढची लहान चाके अरुंद आणि टणक. वाडीतल्या वाळूमिश्रित मातीत ती रुतून बसत. बैठक म्हणजे नुसते ताणलेले रेक्झिन, तेही मध्ये झोळीसारखे लोंबलेले. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही, त्याला टोचलेले कळत नाही. एकाच जागी तासन्‌तास भार पडला की तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि मांस सडू लागते. अशी जखम भरायला महिने लागतात. ती चिघळून माणसे दगावतातही. म्हणूनच अशा माणसाच्या खुर्चीत योग्य गादी ही चैन नसते, औषधाइतकीच ती गरजेची असते.

थोडक्यात, ती खुर्ची वाईट नव्हती. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर, मागे वॉर्डबॉय असताना, कोणालाही तासाभरासाठी बसवून नेण्यासाठी ती उत्तम होती. ती ढकलणाऱ्याची खुर्ची होती. बसणारा तिच्यात केवळ ओझे होता.

जुनी गोष्ट

हा भेद फार जुना आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप संधिवाताने जर्जर झाला होता. त्याच्यासाठी बनवलेल्या चाकांच्या खुर्चीचे 1595 मधील चित्र उपलब्ध आहे. पाठ मागे कलणारी, पाय ठेवायला फळी, सारे काही राजेशाही. पण चाके इतकी लहान की खुर्ची हलवायची तर सेवकच हवा. अर्ध्या जगावर हुकमत असलेला माणूस नोकराला बोलावल्याशिवाय खिडकीपर्यंत जाऊ शकत नव्हता.

त्यानंतर साठ वर्षांनी, 1655 मध्ये, जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळचा श्टेफान फार्फलर नावाचा एक तरुण घड्याळजी पुढे आला. त्याचे पाय चालत नव्हते. त्याने स्वतःसाठी तीनचाकी गाडी बनवली आणि पुढच्या चाकाला हाताने फिरवायचे दांडे व दाते बसवले. राजाला जे मिळाले नाही ते या कारागिराने स्वतःच्या हाताने मिळवले.

आज आपण जी घडीची खुर्ची सर्वत्र पाहतो, बैठकीखाली फुलीसारखे दोन दांडे असलेली, ती 1933 च्या सुमारास अमेरिकेत जन्मली. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाण अभियंता 1918 मधील खाणीच्या अपघातात जायबंदी झाले होते. आपली खुर्ची मोटारीत मावावी, आपल्याला कुठेही जाता यावे, अशी त्यांची इच्छा होती. मित्र हॅरी जेनिंग्स यांच्या मदतीने त्यांनी पोलादी नळ्यांची घडी होणारी खुर्ची तयार केली. एका माणसाच्या बाहेर पडण्याच्या ओढीतून ती निघाली. पुढे तीच एका मापाने हजारोंनी बनू लागली आणि सर्वांची होता होता कोणाचीच राहिली नाही.

1978 मध्ये कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन यांना हँग ग्लायडरच्या अपघातात अपंगत्व आले. मिळालेली पोलादी खुर्ची त्यांना जड व ओबडधोबड वाटली. हँग ग्लायडर बनवणारे त्यांचे दोन मित्र होते. त्यांनी त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून सुमारे निम्म्या वजनाची खुर्ची बनवली. राल्फ हॉचकिस या अभियंत्याला 1966 मधील मोटारसायकल अपघातापासून खुर्ची लागली. ते 1980 मध्ये निकाराग्वाला गेले आणि तेथील खुर्चीवर बसणाऱ्या माणसांसोबत काम करू लागले. खडबडीत रस्त्यावर उलटू नये म्हणून त्यांच्या खुर्चीचा पाया लांब असतो. पुढची चाके रुंद व मऊ रबराची असतात. दुरुस्ती तर सायकलच्या दुकानातही व्हावी असा बेत असतो. आमच्या वाडीतल्या वाळूला अशीच चाके हवी होती!

वाचकहो, या चौघांत एक गोष्ट समान आहे. चौघेही स्वतः खुर्चीत बसणारे होते. इतरांनी त्यांच्यासाठी विचार केला तेव्हा त्यांना बसायची सोय मिळाली. त्यांनी स्वतः विचार केला तेव्हा त्यांना जायची वाट मिळाली.

सुरक्षितता की मोकळीक?

खुर्चीच्या रचनेत एक बारीकशी गोष्ट आहे. तिच्यात मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. मोठ्या चाकाचा आस थोडा मागे बसवला तर खुर्ची स्थिर राहते, मागे कलंडत नाही. पण मग भार पुढच्या लहान चाकांवर येतो. खुर्ची ओढायला जड जाते आणि बारीकशा दगडालाही अडते. आस थोडा पुढे घेतला तर खुर्ची हलकी चालते आणि सराव असलेला माणूस पुढची चाके क्षणभर उचलून गटाराची कड ओलांडू शकतो. पण तोल चुकला तर तो पाठीवर पडूही शकतो. मागे उलटू नये म्हणून छोटी चाके जोडता येतात. तरी धोका पूर्णपणे जात नाही.

मग आस कुठे असावा? फुकट वाटल्या जाणाऱ्या खुर्च्यांत तो बहुधा मागेच पक्का केलेला असतो. देणाऱ्याला वाटते, पडला तर आपल्यावर यायचे! आपणही आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या, आजारी भावंडांच्या बाबतीत असेच करत नाही का? "तुम्ही बसा, पडाल." "तुम्ही नका येऊ, दमाल." या बोलण्यात माया असते, हे खरे. पण त्यात आपली सोयही असते. पडण्याचा धोका शून्यावर आणायचा तर माणसाला एका जागी बसवून ठेवावे लागते. आणि बसून राहण्याचा धोका कोणी मोजतच नाही.

आमच्या मते, धोका किती पत्करायचा हे ठरवण्याचा पहिला अधिकार ज्याचे हाडमांस पणाला लागणार त्याचा आहे. आपले काम त्याला शिकवण्याचे, तोल सांभाळेपर्यंत मागे उभे राहण्याचे. सायकल शिकवताना बाप जसा मागून पकडतो आणि मग हळूच सोडतो, तसे.

मोटरची खुर्ची

"पण ज्याचे हातही चालत नाहीत त्याचे काय?" असे कोणी विचारील. हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर फार तीव्रतेने पुढे आला. मानेजवळ इजा झालेले सैनिक औषधोपचारांमुळे जगू लागले होते, पण त्यांना चाक फिरवता येत नव्हते. कॅनडातील जॉर्ज क्लाइन या अभियंत्याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांच्यासाठी विजेवर चालणारी खुर्ची विकसित केली.

आजच्या अशा खुर्चीत सहसा 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळी मोटर. हाताशी एक छोटी दांडी असते, तिला जॉयस्टिक म्हणतात. ती ज्या दिशेला कलवावी तिकडे खुर्ची वळते, कारण एक मोटर जोरात आणि दुसरी हळू फिरते. दांडी सोडली की खुर्ची थांबते. बोटे चालत नसतील तर हनुवटीने चालवायची सोय करता येते. नळीतून श्वास फुंकून व ओढूनही काही खुर्च्या चालवता येतात. विचार करा: ज्याचा फक्त श्वास त्याच्या ताब्यात आहे, तो माणूस त्या श्वासाच्या बळावर ठरवतो की मला खिडकीकडे जायचे आहे.

मोटरच्या खुर्चीच्याही अडचणी आहेत. ती फार जड असते. रिक्षात मावत नाही, चार माणसांनीही जिन्यावरून नेणे कठीण. वीज गेली की चार्जिंगची पंचाईत. बिघडली तर सुटा भाग मिळेपर्यंत घरी बसायचे. शिवाय ज्याचे हात चालतात त्याने ती घेतली तर हातांचा व्यायाम सुटतो. उलट वर्षानुवर्षे चाके ढकलून ज्याचे खांदे झिजले आहेत त्याला ती वरदान ठरते. मधला मार्गही आहे. आयआयटी मद्रासच्या परिसरात जन्मलेल्या एका उपक्रमाने शरीराच्या मापाने बनणारी 'निओफ्लाय' नावाची खुर्ची आणली आणि तिला पुढून जोडायचे 'निओबोल्ट' नावाचे मोटरचे चाकही. घरात हाताने, रस्त्यावर मोटरने.

म्हणजे हाताची खुर्ची श्रेष्ठ की मोटरची, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाला, कुठे जायचे आहे, हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर नाही.

दहांना की तिघांना?

आता सर्वांत अवघड मुद्दा. आमच्या बैठकीत एका जुन्या सभासदाने विचारले, "मापाची खुर्ची महाग पडते. जेवढ्या पैशांत दहा जणांना साधी खुर्ची देता येईल, तेवढ्यात मापाच्या तीनच होतील. उरलेल्या सातांना काय सांगायचे?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला झटकून टाकता येत नाही. ज्या आजीला महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यायचे आहे, जिच्याजवळ मुलगा आहे, तिला साधी खुर्ची पुरेशी आहे. तिच्यासाठी मापाची खुर्ची घेणे ही उधळपट्टीच. पण जो दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणार, त्याला तीच साधी खुर्ची देणे म्हणजे अनवाणी माणसाला दोन मापे मोठे बूट देऊन "आता चाल" म्हणणे. दहा खुर्च्या वाटल्या आणि त्यांतल्या सात दाराआड उभ्या राहिल्या, तर आम्ही दहांना मदत केली की तिघांना? हिशेबाच्या वहीत दहा. देवाच्या वहीत किती, ते त्याला ठाऊक.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा गाभा साधा आहे. माणूस व त्याचे घर पाहून खुर्ची निवडावी. ती त्याच्या अंगाला बसवावी. वापरायला शिकवावे. नंतर पुन्हा जाऊन पाहावे. आम्ही यांपैकी एकही गोष्ट केली नव्हती. आम्ही फोटो काढला होता.

संत मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवरच्या बार्तीमयची कथा आहे. तो आंधळा होता, हे सर्वांना दिसत होते. त्याला काय हवे असेल हे लहान मूलही सांगू शकले असते. तरीही प्रभू येशूने आधी त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे. उत्तर माहीत असतानाही विचारणे, हा त्या माणसाचा मान होता. आम्हाला तर उत्तर माहीतही नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही.

पुढे काय झाले?

मंडळाने ठरवले. आधीची खुर्ची त्या बांधवाच्या संमतीने परत आणून चर्चमध्ये ठेवली; ज्या कुटुंबाला चार दिवसांसाठी हवी असेल ते घेऊन जाते. मग एका जाणकार फिजिओथेरपिस्टला त्यांच्या घरी नेले. त्यांचे माप घेतले, दरवाज्यांचे घेतले, वाडीची वाटही पाहिली. "तुम्हाला कुठे जायचंय?" असे या वेळी आम्ही विचारले. ते म्हणाले, "आधी न्हाणीघरात. मग बावखलापर्यंत. मग नाक्यावर."

तीन महिन्यांनी खुर्ची आली. बैठक 15 इंच, दांडे काढता येणारे, पुढची चाके रुंद, वर जाड गादी. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचे, हे त्यांना शिकवले. पहिल्या आठवड्यात ते दोनदा पडले. वहिनी आमच्यावर रागावल्या. तिसऱ्या आठवड्यात ते एकटे बावखलापर्यंत गेले.

आणि मग एका रविवारी, मिस्सा चालू असताना, ते नाक्यावर पत्ते खेळताना दिसले. आमच्यातल्या एकाने येऊन सांगितले, वर म्हणाला, "ह्यासाठी का आपण वर्गणी काढली?"

त्या प्रश्नावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी उत्तर दिले, "हो, ह्यासाठीच. आधी तो मिस्साला येत होता, कारण आपण त्याला ढकलत आणत होतो. तो स्वतः आला होता कधी?"

आम्हाला ते पचायला वेळ लागला. पण त्या बाई बरोबर होत्या. ज्या दानाचे सुकाणू देणाऱ्याच्या हातात राहते, ते दान नसते. परमेश्वरानेही माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले ते तो चुकेल हे जाणूनच. आम्ही आमच्या बांधवाला त्याहून कमी द्यावे, हा हट्ट कोणत्या तोंडाने धरावा?

याचा अर्थ ज्याला दुसऱ्याने ढकलावे लागते तो कमी दर्जाचा असा मुळीच नाही. आपण सारेच कोणाच्या तरी हातांवर जगतो. पोप फ्रान्सिस 2022 च्या मे महिन्यापासून लोकांसमोर व्हीलचेअरमधून येऊ लागले आणि 2025 मध्ये निधन होईपर्यंत त्यांना ती लागली. त्यांची खुर्ची बहुधा दुसरे कोणीतरी ढकलत असे. पण कुठे जायचे ते पोपच ठरवत. मदत घेणे लाजिरवाणे नाही. विचारल्याशिवाय फिरवले जाणे अपमानाचे आहे.

आपण काय करू शकतो?

खुर्चीला हात लावण्याआधी विचारावे. "ढकलू का?" याला "नको" हेही उत्तर असू शकते, त्याचा राग मानू नये. बोलायचे असेल तर मागे उभ्या असलेल्याशी नव्हे, बसलेल्याशी बोलावे. जमल्यास स्वतः बसून, डोळ्याला डोळा भिडवून. उतारावरून नेताना खुर्ची उलटी, मागे मागे न्यावी. बसताना-उठताना दोन्ही ब्रेक लावलेले आहेत ना ते पाहावे. तिच्या मुठीवर आपली पिशवी अडकवू नये. ती खुर्ची त्या माणसाच्या अंगाचा भाग आहे.

आणि एक शेवटचे. कफर्णहूममध्ये चौघांनी पक्षाघाती मित्राला छप्पर उघडून खाली सोडले, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो आणि त्या चौघांचे कौतुक करतो. पण त्यांना छपरावर का चढावे लागले? दारात गर्दी होती. ती गर्दी वाईट लोकांची नव्हती. प्रभूचे वचन ऐकायला आलेल्या भाविकांचीच होती. कोणाला आत यायचे आहे, हे मागे वळून पाहावे, असे त्यांतल्या एकालाही सुचले नाही.

आपल्या चर्चला दर्शनी तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी 6 इंचांच्या. सरकारी मानकाप्रमाणे 1 फूट चढायला 12 फूट लांबीचा रॅम्प लागतो. म्हणजे आपल्याला 18 फूट हवेत. डाव्या बाजूच्या दाराशी तेवढी जागा आहे, आम्ही मोजली आहे. येत्या धर्मग्राम बैठकीत हा विषय येणार आहे. तुम्हीही या.

ते बांधव मागच्या महिन्यात एका रविवारी आले होते. स्वतःच्या हातांनी, वाडीतून चर्चपर्यंत. पायऱ्यांपाशी येऊन थांबले. आम्ही चौघे उचलायला धावलो. त्यांनी हात वर करून थांबवले आणि म्हणाले, "आज बाहेरूनच ऐकतो. रॅम्प झाला की आत येईन."